छोट्या टँकमधील शेवाळ : या चुका टाळा

30-40 लिटरच्या, पाणवनस्पती लावलेल्या माशांच्या टँकमध्ये शेवाळ माजले की बहुतेक जण आधी औषधाच्या बाटलीकडे वळतात, आणि माझ्या मते पहिली चूक तिथेच होते. वनस्पतींना लागणारा प्रकाश आणि पोषकद्रव्येच शेवाळालाही लागतात. त्यामुळे काच खरवडण्याआधी वनस्पती का खुंटल्या आहेत, हे पाहावे लागते.

बहुतेक वेळा दोष प्रकाशाचा असतो. सकाळी उठल्यावर लावलेला दिवा रात्री झोपताना बंद करायचा, ही सवय घरोघरी दिसते. नव्या टँकला 6 तास आणि रुळलेल्या टँकला 8 तास प्रकाश पुरतो, म्हणून साधा टायमर बसवावा आणि खिडकीतून येणारे ऊनही हिशेबात धरावे. प्रकाश जितका प्रखर, तितकी वनस्पतींची कार्बन डायऑक्साइडची भूक मोठी असते. ती भागवण्याची सोय न करता प्रखर दिवा बसवला, तर त्याचा लाभ शेवाळालाच होतो.

पानांच्या कडांवर आणि लाकडावर येणारे काळे, दाढीसारखे झुपके मात्र सर्वांत चिवट असतात. बहुधा कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सतत वरखाली होत असल्यामुळे ते वाढतात. हा वायू पुरवण्यासाठी काही जण यीस्ट आणि साखरेची घरगुती बाटली लावतात; तिच्यातून येणारा वायू तापमानाप्रमाणे कमीजास्त होतो, त्यामुळे अशा टँकमध्ये ते हमखास आढळतात. झुपके धरलेली पाने कापून टाकावीत. लाकडावरच्या झुपक्यांवर, फिल्टर बंद करून, 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सिरिंजने सोडावे. दर 10 लिटर पाण्यामागे 5 मिलीलिटरपेक्षा अधिक वापरू नये, आणि 10-15 मिनिटांनी फिल्टर सुरू करून थोडे पाणी बदलावे.

शेवाळाची उपासमार करावी म्हणून खत पूर्ण थांबवणे हीदेखील चूकच आहे, कारण त्यात आधी वनस्पती उपाशी राहतात. नायट्रेट हे पोषकद्रव्य संपलेल्या, पाणी न खेळणाऱ्या टँकमध्ये निळसर हिरवा, दुर्गंधीयुक्त थर पसरतो. ते शेवाळ नसून जिवाणू असतात. नव्या टँकमधील तपकिरी धुळीसारखा थर पुसून टाकावा, काही आठवड्यांत तो आपोआप ओसरतो.

शेवाळ खाईल म्हणून दुकानातून सकर मासा आणू नये. तो फूटभर वाढतो आणि एवढ्या जागेत त्याचे हाल होतात. नेराइट गोगलगायी किंवा अमानो कोळंबी हे काम चोख करतात, मात्र तांबे असलेली औषधे त्यांचा जीव घेतात. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतल्यास क्लोरीनने उपयुक्त जिवाणू मरतात आणि अमोनिया वाढतो, म्हणून तो टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

पाणीच हिरवे झाले असल्यास टँक जाड कापडाने 3 दिवस झाकून ठेवावा आणि नंतर अर्धे पाणी बदलावे. मेलेले शेवाळ कुजताना ऑक्सिजन ओढून घेते, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी 30 अंशांवर गेले असताना हवेचा पंप चालू नसेल, तर हा उपाय करू नये.