रोलरचा ऑइल दिवा लागला? इंजिन उघडण्याआधी या चुका टाळा

रस्त्यावर गरम डांबरी माल पसरलेला असतो, तो थंड व्हायच्या आत रोलिंग उरकायचं असतं आणि नेमका तेव्हाच डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागतो. "एवढा पट्टा मारून घेतो" म्हणून मशीन चालू ठेवणं ही पहिली आणि सर्वात महागात पडणारी चूक.

हा दिवा धोक्याची आगाऊ सूचना देत नाही. बहुतेक छोट्या डिझेल इंजिनांवरचा प्रेशर स्विच साधारण 0.3 ते 0.5 बारच्या आसपास दिवा लावतो. धडधाकट इंजिन तापल्यावर फुल रेसला 3 ते 5 बार आणि स्लोला (रेस न देता नुसतं चालू असताना) 1 बारच्या आसपास प्रेशर दाखवतं. नेमका आकडा आपल्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये पाहावा. म्हणजे दिवा पेटेपर्यंत प्रेशर जवळजवळ संपलेलं असतं. क्रँक आणि बेअरिंगमध्ये ऑइलचा जो पातळ थर असतो तो तुटला की धातूवर धातू घासतो, आणि बेअरिंग खराब व्हायला मग मिनिटंसुद्धा लागत नाहीत. दिवा लागला की आधी व्हायब्रेशन बंद करा, मशीन सुरक्षित जागी थांबवा आणि लगेच इंजिन बंद करा. उरलेल्या पट्ट्यासाठी दुसरं मशीन मिळू शकतं.

डिपस्टिक घाईत पाहणं

रोलर उतारावर उभा, इंजिन नुकतंच बंद केलेलं आणि डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काडी, एकदाच ओढून पाहिलेली. असं घेतलेलं माप फसवं असतं. मशीन सपाट जागी घ्या, पाच-दहा मिनिटं ऑइल खाली उतरू द्या, काडी पुसून परत घाला आणि मग वाचा. छोट्या इंजिनात एकूण ऑइलच जेमतेम काही लिटर असतं, त्यामुळे थोडीशी घटही भारी पडते. सपाटीवर दिवा विझलेला आणि चढ-उतारावर मिचमिचत असेल, तर लेव्हल कमी असल्याचा संशय सर्वात आधी घ्यावा. चेंबरमधलं (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भागातलं) ऑइल एका बाजूला सरकतं आणि पंपाची जाळी हवा ओढते.

लेव्हल कमी असली की सगळे घाबरतात. वाढलेली असली की मात्र "बरं आहे, ऑइल खात नाही" म्हणून खूश होतात. इथे खरं तर जास्त सावध व्हायला हवं. इंजिन ऑइल आपोआप वाढत नाही, त्यात दुसरं काहीतरी मिसळतं. इंजेक्टर गळत असेल किंवा डिझेल पुरवणाऱ्या फीड पंपाचं सील गेलं असेल तर डिझेल उतरतं; ऑइल पातळ होतं आणि काडीला डिझेलचा वास येतो. दुसरं कारण रोलरमध्ये हमखास विसरलं जातं. ज्या मशीनमध्ये हायड्रॉलिक पंप इंजिनच्या गिअरवर थेट बसवलेला असतो, तिथे पंपाच्या शाफ्टचं सील गेलं की हायड्रॉलिक ऑइल इंजिनात शिरतं. ते इंजिन ऑइलपेक्षा बरंच पातळ असतं. अशा वेळी दोन्हीकडची लेव्हल एकदम तपासा. इंजिनची वाढतेय आणि हायड्रॉलिक टाकीची उतरतेय, असं दिसलं की आजार कळला. ऑइल दुधाळ झालं असेल तर कूलंट किंवा पाणी गेलंय. तिन्ही प्रकारांत मूळ दोष काढल्याशिवाय नुसतं ऑइल बदलणं फुकट आहे. शिवाय लेव्हल फारच वाढली की क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो आणि प्रेशर आणखी पडतं.

गेज न लावता पार्ट बदलत बसणं

आधी स्विच, मग फिल्टर, मग पंप, शेवटी बेअरिंग. हा अंदाजपंचे धंदा मला अजिबात मान्य नाही. स्विच काढा, त्या जागी थ्रेड जुळणारं मेकॅनिकल गेज लावा आणि मोजा. थ्रेड जबरदस्तीने आवळू नका, ब्लॉकला चीर पडली तर नवाच खर्च उभा राहतो. थंड इंजिन, तापलेलं इंजिन, स्लो आणि फुल रेस, असे सगळे आकडे लिहून घ्या.

गेज ठीक दाखवतंय आणि दिवा तरीही पेटतोय, तर दोष वायरिंगमध्ये किंवा स्विचमध्ये आहे. रोलर दिवसभर थरथरतो, वायर बॉडीला घासून सोलवटते, कनेक्टरमध्ये ड्रमवर शिंपडायचं पाणी जातं. चावी ऑन करून एकाच वायरच्या स्विचची वायर काढा. दिवा विझला तर स्विच खराब. पेटलेलाच राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला लागतेय. उलट, इंजिन बंद आणि चावी ऑन असताना दिवा लागतच नसेल, तर ते जास्त धोक्याचं आहे. म्हणजे खरा धोका आला तरी तो सांगणारा दिवाच नाही.

गेजही कमीच दाखवत असेल तर आकड्यांची चाल पाहा. थंड असताना छान, तापल्यावर स्लोला घसरतं आणि रेस दिली की वाढतं, तर ऑइल पातळ झालंय किंवा बेअरिंगचा क्लिअरन्स (मधली फट) वाढलाय. थंड-गरम दोन्ही वेळा कमी असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारी झडप) उघडा अडकलाय का, जाळी तुंबलीय का, पंप झिजलाय का ते बघावं. काटा थरथरत असेल तर पंप हवा ओढतोय: लेव्हल, फेस, सक्शन पाइपची ओ-रिंग.

जाड ऑइल घालून वेळ मारून नेणं

जाड ऑइल घातलं की काटा वर चढतो, मालक खूश होतो. बेअरिंगचा क्लिअरन्स मात्र तेवढाच राहतो. थंड इंजिनात हेच जाड ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ लावतं. 15डब्ल्यू-40 ग्रेडच्या ऑइलची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) 40 अंश सेल्सिअसला साधारण 110 सेंटीस्टोक्स असते, 100 अंशांना 14-15 वर येते. म्हणजे खरा शत्रू उष्णता आहे. डांबराची वाफ आणि धूळ मिळून रेडिएटरच्या जाळीवर चिकट थर बसवतात. तो नीट धुतला आणि फॅनचा पट्टा ताणला की कित्येकदा गरम इंजिनचं प्रेशर सुधारतं.

फिल्टरबाबत दोन गोष्टी. जुनं गॅस्केट हाऊसिंगला चिकटून राहिलं आणि त्यावर नवा फिल्टर बसवला, तर ऑइल काही मिनिटांत बाहेर. आणि चेंबरला सिलिकॉन भरपूर चोपडू नका. आत सुटलेली गोळी जाळीवर जाऊन बसते. काढलेला फिल्टर टाकून न देता कापा. कागदाच्या घड्या उन्हात पसरून पाहा. चमकणारे कण चुंबकाला चिकटले तर लोखंड-पोलादाचे, न चिकटणारे तांबूस किंवा पांढुरके असतील तर बेअरिंगचा थर निघतोय, असं समजून इंजिन उघडावं.

मालाचा ट्रक येईपर्यंत तासन्‌तास स्लोला मशीन ठेवू नका. इंजिन थंड पडतं आणि अर्धवट जळणारं डिझेल चेंबरमध्ये उतरतं. सर्व्हिसचे तास मॅन्युअलप्रमाणे, पण धुळीच्या साइटवर त्याच्याही आधी. प्रत्येक सर्व्हिसला गरम इंजिनचं स्लोचं प्रेशर वहीत लिहा. आकडा हळूहळू उतरताना दिसला की दिवा लागायची वाट पाहावी लागत नाही.

दुरुस्तीनंतर थेट स्टार्ट करू नये. डिझेल बंद ठेवून, स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांहून जास्त न फिरवता आणि मधे विसावा देऊन, गेजचा काटा हलेपर्यंत इंजिन फिरवा. मगच चालू करा. चालू केल्यावर दहा सेकंदांत प्रेशर आलं नाही तर लगेच बंद करून सक्शनची बाजू परत तपासा.