ठाण्यात बसून मुरबाडचं हॅम स्टेशन चालवताना

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये ४० मीटर बँड (हौशी म्हणजे हॅम रेडिओचा ७ मेगाहर्ट्झचा पट्टा) लावला की स्टेशनांआधी एलईडी दिवे, चार्जर आणि लिफ्टचीच खरखर ऐकू येते. मुरबाडकडे घर किंवा शेत असेल तर रेडिओ तिकडे ठेवून ठाण्यातून चालवणं उत्तम. ७.१ मेगाहर्ट्झसाठी प्रत्येक बाजूला १० मीटर तार, इतका डायपोल (मध्यातून केबल जोडलेली तारेची अँटेना) पुरतो. लायसन्सवर मुरबाडच्या पत्त्याचं काम मात्र आधी करून घ्या.

इथे आयकॉम आयसी-७३०० रेडिओ, रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक, पुढे नुसतं 'पाय') आणि त्यावर डब्ल्यूएफव्ह्यू या रेडिओ दुरून चालवायच्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर धरलाय. रेडिओच्या मेनूत सीआय-व्ही (आयकॉमची संगणकाकडून कमांड घ्यायची पद्धत) यूएसबी पोर्ट 'अनलिंक' करा आणि बॉड रेट ११५२०० ठेवा, नाहीतर वॉटरफॉल (बँडवरचे सिग्नल दाखवणारं सरकतं चित्र) येणार नाही. 'डेटा ऑफ मॉड' (आवाज कुठून घ्यायचा ते सेटिंग) यूएसबीवर हवं. ते माइकवर राहिलं तर एसएसबीत (बोलण्याचा नेहमीचा मोड) ट्रान्समिटचा दिवा लागतो, पण आवाज जात नाही.

४जी सिमवर सहसा पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता) नसतो. राउटरच्या वॅन (इंटरनेटकडच्या बाजूच्या) पत्त्याची सुरुवात १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर पोर्ट फॉरवर्डिंगच्या नादी लागू नका. पाय आणि लॅपटॉप, दोन्हींवर टेलस्केल (दोघांना खाजगी नेटवर्कने जोडणारं सॉफ्टवेअर) टाका. पायची 'की एक्स्पायरी' बंद करायला विसरू नका. एरवी १८० दिवसांनी पाय नेटवर्कबाहेर पडतो आणि तेवढ्यासाठी मुरबाड गाठावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: लांबचा रेडिओ नक्की बंद करता आला पाहिजे. पीटीटी (ट्रान्समिटचं बटण) दाबलेला असताना नेट गेलं तर रेडिओ ट्रान्समिटवरच अडकून राहतो, बँड अडू शकतो, फायनल्स (शेवटचे पॉवर ट्रान्झिस्टर) तापतात. म्हणून 'टाइम-आउट टायमर (सीआय-व्ही)' ३ मिनिटांवर ठेवा. 'यूएसबी सेंड' ऑफ करा आणि पीटीटी सीआय-व्ही कमांडनेच द्या. सेंड आरटीएसवर (सीरियल पोर्टची एक कंट्रोल लाइन) असेल तर पाय बूट होताना किंवा पोर्ट उघडताना ती लाइन वर जाते आणि कोणी नसताना रेडिओ ट्रान्समिटवर जातो.

याउपर १३.८ व्होल्टच्या लाइनमध्ये ४० अँपिअरचा गाडीचा रिले घाला, नॉर्मली ओपन (कॉइलला सप्लाय नसताना लाइन तुटलेली). रेडिओ पूर्ण पॉवरला २१ अँपिअर खेचतो, तेव्हा बारीक रिले चालणार नाही. बॅटरी जोडलेली असेल तर एसएमपीएसच्या (पॉवर सप्लायच्या) स्मार्ट प्लगचा उपयोग नाही, रेडिओ बॅटरीवर चालूच राहतो. हा रिले जीएसएम मॉड्यूलवर (मोबाइल नेटवर्कवरून चालणारा स्विच) चालवा, आणि त्यातलं सिम राउटरच्या सिमपेक्षा वेगळ्या कंपनीचं घ्या. मॉड्यूल २जी असेल तर जिओचं सिम चालत नाही. सप्लाय परत दिल्यावर रेडिओ आपोआप सुरू होत नाही, डब्ल्यूएफव्ह्यूमधून पॉवर ऑन द्यावं लागतं.

१० वॉटला सगळं ठीक आणि ८० वॉटला यूएसबी तुटतंय? यूएसबी केबलवरून आरएफ (आपलेच रेडिओ तरंग) आत येतंय. केबल १ मीटरची घ्या, एफटी२४०-३१ टोरॉइडमधून (फेराइटची कडी) ८-१० वेढे काढा, अँटेनाच्या फीडपॉइंटलाही (जिथे केबल जोडली जाते तिथे) चोक लावा.

वळवाच्या पावसात विजांपुढे अँटेना रिलेचा (दुरून अँटेना तोडणारा स्विच) काही भरवसा नाही. गावी कोणाला तरी शिकवून ठेवा: ढग दाटायला लागले की आधी मेन स्विच बंद, बॅटरीची वायर सोडायची, मग कोॲक्स (अँटेनाची केबल) रेडिओतून काढून खिडकीबाहेर टाकायची. गडगडाट सुरू झाला असेल तर केबलला हातच लावायचा नाही.