डिफ्रॅक्शन इमेजचं हेडर: इंडेक्सिंग अडलं की आधी या चुका तपासा

क्रिस्टलवर एक्स-रे टाकून घेतलेल्या डिफ्रॅक्शन इमेजमधले स्पॉट टोकदार आहेत, रिझोल्यूशन उत्तम आहे, तरी इंडेक्सिंग (प्रत्येक स्पॉटला क्रिस्टलच्या जाळीतले आकडे, म्हणजे इंडेक्स, देणं) होत नाही. अशा वेळी लोक क्रिस्टलला दोष देऊन मोकळे होतात. आधी हेडर, म्हणजे इमेज फाइलच्या सुरुवातीची मोजमापांची नोंद, उघडून बघा. डिटेक्टरचं नमुन्यापासूनचं अंतर, एक्स-रेची तरंगलांबी, बीम सेंटर (थेट किरण डिटेक्टरवर जिथे पडतो तो बिंदू) हे आकडे डिटेक्टर स्वतः मोजत नाही. ते बीमलाइनच्या (सिंक्रोट्रॉनमधल्या प्रयोगाच्या जागेच्या) नियंत्रण प्रणालीकडून येतात आणि प्रत्येक ठिकाणची लिहायची पद्धत निराळी असते. इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर घेतलेल्या डेटाची, सॉफ्टवेअरला द्यायची इनपुट फाइल फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या ईएसआरएफ सिंक्रोट्रॉनच्या डेटाला जशीच्या तशी लावू नका.

पहिला गोंधळ एककांचा. एडीएससी कंपनीच्या डिटेक्टरच्या एसएमव्ही प्रकारच्या फाइलमध्ये अंतर आणि बीम सेंटर दोन्ही मिलिमीटरमध्ये असतात. पिलाटस डिटेक्टरच्या मिनी-सीबीएफ फाइलमध्ये अंतर मीटरमध्ये, तर बीम सेंटर पिक्सेलमध्ये. अशी चूक निदान लगेच डोळ्यांत भरते.

बीम सेंटरच्या एक्स आणि वायची अदलाबदल मात्र सहज नजरेतून सुटते, कारण डिटेक्टर जवळपास चौकोनी असतो. पिलाटस ६एम घ्या: २४६३ × २५२७ पिक्सेल, एक पिक्सेल १७२ मायक्रॉनचा. मध्यबिंदू साधारण १२३१, १२६३. हे दोन आकडे उलटे पडले तर दोन्ही दिशांना ३२ पिक्सेलची, म्हणजे सुमारे ५.५ मिमीची चूक होते. आता तरंगलांबी १ अँगस्ट्रॉम, अंतर ३०० मिमी आणि युनिट सेलची (क्रिस्टलमधल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या मूळ ठोकळ्याची) एक बाजू १५० अँगस्ट्रॉम धरा. शेजारशेजारच्या स्पॉटमधलं अंतर येतं जेमतेम २ मिमी. म्हणजे तुमचं सेंटर पावणेतीन स्पॉट सरकलेलं आहे! खरं तर इथे १ मिमीची, सहा पिक्सेलची चूकही पुरते. सॉफ्टवेअर शेजारच्या स्पॉटला मूळ बिंदू समजतं, सेल बरोबर दाखवतं आणि सगळे इंडेक्स एकाने चुकवतं. पुढे मर्जिंगचे (एकाच स्पॉटची अनेक मोजमापं एकत्र करण्याचे) आकडे बिघडतात, सिमेट्री सापडत नाही, आणि दोष भलतीकडेच शोधला जातो.

ही चूक पकडायला माझा भरवसा बर्फाच्या कड्यांवर, म्हणजे बर्फाच्या कणांमुळे इमेजवर उमटणाऱ्या वर्तुळांवर, आहे. अतिथंड तापमानात (क्रायोत) गोठवलेल्या नमुन्यावर कडी दिसत असतील तर ती ३.९०, ३.६७ आणि ३.४४ अँगस्ट्रॉमवरच यायला हवीत. सेंटर चुकलं असेल तर इमेज दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने या आकड्यांवर आखलेली वर्तुळं एका बाजूला सरकतात. अंतर किंवा तरंगलांबी चुकली असेल तर ती सगळीकडून सारखी लहान-मोठी होतात. बीमस्टॉपच्या (थेट किरण अडवणाऱ्या तुकड्याच्या) सावलीचा मध्य म्हणजे बीम सेंटर, असं मात्र धरू नका.

एकेक इमेज इंडेक्स होते, पण ९० अंशांनी दूर असलेल्या दोन इमेज एकत्र घेतल्या की सगळं कोसळतं? मग फिरण्याची दिशा उलटी आहे. काही बीमलाइनवर गोनिओमीटर (क्रिस्टल फिरवणारं यंत्र) उलटा फिरतो, काहींवर त्याचा अक्ष उभा असतो, आणि जुन्या हेडरमध्ये याची नोंदच नसते. एक्सडीएस या सॉफ्टवेअरमध्ये फिरण्याच्या अक्षाचं चिन्ह बदलून बघा. डायल्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही इम्पोर्टच्या वेळी अक्ष उलटायला सांगता येतं. याहून वाईट प्रकार म्हणजे इमेज आरशातल्यासारखी उलटी वाचली जाणं आणि अक्षही योगायोगाने तिला जुळणं. तेव्हा आकडेवारी निर्दोष दिसते, पण फ्रिडेल जोड्यांची (उलट चिन्हांचे इंडेक्स असलेल्या स्पॉटच्या जोड्यांची) अदलाबदल झालेली असते आणि अनोमलस फेजिंगच्या (या जोड्यांतल्या फरकावरून रचना काढण्याच्या पद्धतीच्या) नकाशात प्रथिनांतले एरवी उजवखुरे असणारे अल्फा हेलिक्स डावखुरे निघतात.

चूक सापडली म्हणून मूळ फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून सेव्ह करू नका, कळकळीने सांगतो. एसएमव्हीचं हेडर बहुधा ५१२ बाइटचं असतं. एक अक्षर वाढलं तरी मागची सगळी पिक्सेल सरकतात, आणि एडिटरने बायनरी भागाची मोडतोड केली तर ती इमेज गेलीच. दुरुस्ती इनपुट फाइलमध्ये करा, मूळ फाइलला हात लावू नका.

आयगर डिटेक्टरच्या एचडीएफ५ प्रकारच्या डेटाबाबत फाइलचं नाव बदलण्याची चूक फार होते. त्यातल्या मुख्य, म्हणजे मास्टर फाइलमध्ये इमेज असलेल्या डेटा फाइल्सचे दुवे नावानिशी असतात. डेटा फाइलचं नाव बदललं किंवा एकटी मास्टर पाठवली तर समोरच्याला इमेज दिसतच नाहीत.

बीमलाइनचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी नेक्सस या डेटा-मानकाची एनएक्सएमएक्स रचना पाळावी. तिचा 'गोल्ड स्टँडर्ड' २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आहे. प्रत्येक आकड्यासोबत एकक आणि प्रत्येक अक्षाची दिशा त्यात स्पष्ट लिहिता येते. जुन्या इम्गसीआयएफ मानकावरून येताना झेड अक्ष तेवढा सांभाळा: तिथे तो नमुन्याकडून स्रोताकडे जातो, नेक्ससमध्ये बीमच्या दिशेने.