जुलमी सरकारवरची किशोर कादंबरी लिहायचीय? आधी पाणी कुठून येतं ते ठरवा

भविष्यातलं जुलमी सरकार आणि त्यात कसंबसं जगणारी पंधरा-सोळा वर्षांची मुलं, अशी कादंबरी मराठीत लिहायची म्हणणारी बरीच पोरं भेटतात आणि बहुतेकांचं पहिलं पान सारखंच असतं, काळं आकाश, उंच भिंत, वर ड्रोन आणि स्क्रीनवर भाषण देणारा हुकूमशहा. माझ्याही पहिल्या खर्ड्यात हेच होतं. चाळीस पानं झाल्यावर आठवीतल्या भाचीला वाचायला दिली, तिने शांतपणे सगळी वाचली आणि एवढंच विचारलं, "मावशी, ही लोकं पाणी कुठून भरतात?" ती चाळीस पानं मी बाजूला ठेवली आणि तिचा प्रश्न नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

म्हणून झेंडा, युनिफॉर्म, हुकूमशहाचं नाव हे सगळं नंतर करा, आधी एक नियम ठरवा, एकच, पण सकाळी उठल्यापासून प्रत्येक घराला लागणारा. माझा नियम असा की कार्डाशिवाय पाणी नाही, आणि घरातल्या कुणीही हजेरी चुकवली की अख्ख्या घराचं कार्ड आठ दिवस बंद. माझी कादंबरी नाशिकमध्ये घडते आणि नाशिकला गंगापूर धरणातून पाणी येतं, त्यामुळे धरण ज्याच्या हातात त्याला बंदूक फारशी दाखवावीच लागत नाही. मग तो नियम घेऊन वहीसकट गावभर फिरा. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात आड असेल तर त्याचं काय केलं असेल, झाकण घालून सील? सातपूरच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा माणूस हजेरी द्यायला कधी जाणार? लग्नाला आलेल्या पाहुण्यांचं पाणी कुणाच्या कार्डावर? असं फिरत गेलं की प्रसंग आपोआप मिळतात, बसून सुचवावे लागत नाहीत.

हजेरीची आयडिया मी हवेतून काढलेली नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, पोलिसांकडे हजेरी, बाहेर जायचं तर परवानगी, सोलापूरला तर तारेच्या कुंपणातली सेटलमेंट, म्हणजे बंदिस्त वसाहत होती, आणि हा कायदा देशातून पूर्ण गेला तो १९५२ साली, म्हणजे स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाल्यावर. हे वाचल्याशिवाय या प्रकारचं काही लिहायला बसू नका असं मला मनापासून वाटतं. आणीबाणीचंही तसंच, २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता आणि निषेध म्हणून काहींनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, पण अटक कुणाला झाली एवढंच नको, घरात काय बोलायचं बंद झालं होतं आणि पोरांना शाळेत जाताना काय बजावलं जायचं ते विचारा. त्यातलं कुणीतरी नक्की म्हणेल, की काही का असेना, गाड्या वेळेवर धावायच्या. ते वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या.

कारण सरकारचं म्हणणं कुणाला तरी पटलेलं असलंच पाहिजे, आणि ते नायिकेच्या आईला पटलेलं असलं तर उत्तम. माझ्या कादंबरीतली आई म्हणते, "पूर्वी टँकर आला की डोकी फुटायची गं, आता निदान सगळ्यांना सारखं मिळतं." ती खोटं बोलत नाहीये आणि म्हणूनच पोरीला तिच्याशी भांडणं जड जातं. पाणी मोजून देणारा माणूस शेजारचे काका असू दे, जे हिला लहानपणापासून ओळखतात आणि कधीतरी पाच लिटर जास्त सोडतात. त्या पाच लिटरची भीती वाटली पाहिजे.

आता जगण्याचं. नायिकेला धाडस आहे एवढं लिहून भागत नाही, तिच्या हाताला काहीतरी येत असलं पाहिजे. माझी नायिका सुट्टीत दिंडोरीकडे मामाच्या द्राक्षबागेत राहिलेली आहे, म्हणून तिला ठिबक सिंचन कळतं. मोटर बंद झाली तरी नळीत पाणी थोडा वेळ राहतं, १६ एमएमच्या शंभर मीटर नळीत साधारण पंधरा लिटर. उताराच्या टोकाला नळी दुमडून अडकवलेली असते, ती घडी सोडली की पाणी हळूहळू कॅनमध्ये येतं, अंधारात, आवाज न करता. पण त्या दिवशी ठिबकमधून खत सोडलं होतं का? सोडलं असेल तर ते पाणी पिता येत नाही, आणि हे फक्त तिलाच माहीत आहे, बरोबरच्या तहानलेल्या पोरांना नाही. माझं सगळ्यात चांगलं प्रकरण या एका गोष्टीतून निघालं. आणि वीस लिटरचा जार उचलून तीन जिने चढून बघा, म्हणजे कुणालाही भरलेला हंडा घेऊन पळायला लावणार नाही तुम्ही.

लोक आपापसात कसं बोलतात तेही गावातच सापडतं. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की नाशिककर आकडा विचारत नाहीत, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं ते विचारतात. सरकारने धरणाचे आकडे दाबले तरी मारुती घाटावर सगळ्यांना दिसतोच, मग "कमरेला आलंय" हा आपोआप निरोप होतो, त्यासाठी वेगळी सिक्रेट भाषा शोधायला नको.

सगळी पात्रं सतत सरकारवरच बोलायला लागली की पुस्तक मेलंच समजा. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि लिहिलं काय तर कोकणातलं घर आणि आई. बंदिस्त माणूस असाच बोलतो, वरणभाताबद्दल, धाकट्या भावाच्या तापाबद्दल, त्यामुळे तुमच्या मुलांनाही तसं बोलू द्या.

शेवटच्या प्रकरणात सरकार पाडायची घाई नको, एका सोळा वर्षांच्या मुलीने तर अजिबात नको. दलितांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि पाच वर्षं चालला, त्या पाच वर्षांत दार उघडलं नाही, तरी माणसं येत राहिली. माझ्या शेवटच्या पानावर आई स्वतःहून हजेरी चुकवते, बस. ते वाचल्यावर भाचीने विचारलं, आता आठ दिवस ते काय पिणार. तेव्हा मी पुढे एक ओळही वाढवली नाही.