बीबीसी कोणाच्या बाजूने झुकते? रत्नागिरीत बसून तपासायची पद्धत

ब्रिटनमध्ये ब्रेक्झिटवाले (युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूचे) बीबीसीला शिव्या घालतात आणि ब्रेक्झिटविरोधकही. दापोली-खेडकडे ज्यांचा मुलगा ब्रिटिश कंपनीच्या जहाजावर आहे किंवा भाची लेस्टरला शिकते आहे, त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरही ही भांडणं येऊन पडतात. एका क्लिपवरून यातलं काहीच ठरत नाही. दोन आठवडे रोज अर्धा तास, एक वही आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच एवढ्यावर मात्र बरंच काही कळतं.

आधी काय ऐकायचं ते ठरवा. बीबीसीच्या रेडिओ 4 या केंद्राचं संध्याकाळी सहाचं बातमीपत्र सोमवार ते शुक्रवार अर्ध्या तासाचं असतं, शनिवार-रविवारी त्याहून छोटं. आपल्याकडे ते उन्हाळ्यात रात्री साडेदहाला आणि हिवाळ्यात साडेअकराला लागतं. त्यांची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, त्या आठवड्यात हमखास चुकामूक होते. बीबीसी मराठीवरून मूळ बीबीसीची परीक्षा करू नका. 2024 पासून बीबीसी मराठीचा मजकूर कलेक्टिव्ह न्यूजरूम ही वेगळी भारतीय कंपनी तयार करते, आणि लंडनच्या घडामोडीतलं थोडंच तिथे येतं.

वहीत सहा रकाने पाडा: तारीख, विषय, कितव्या क्रमांकाची बातमी, कोण बोललं, किती सेकंद बोललं, आणि निवेदकाने त्याला अडवलं का. ‘सूर कसा वाटला’ असा रकाना ठेवू नका. तो ठेवला की पहिल्याच दिवशी आपलं मत कागदावर उतरतं आणि पुढचे तेरा दिवस आपण त्याचेच पुरावे गोळा करतो. शक्य असेल तर वाचनालयातल्या दोघांनी वेगवेगळं नोंदवावं आणि आठवड्याने वह्या ताडून पाहाव्यात. वीस नोंदींत चार-पाच जुळल्या नाहीत तर नोंदी करायचे नियम ढिले आहेत असं समजा आणि आधी ते घट्ट करा.

खरी गोम पुढे आहे. सेकंद मोजले, पण कोणाला किती मिळायला हवे होते? तिथला कायदा समान वेळ मागत नाही. प्रसारणावर देखरेख करणाऱ्या ऑफकॉमची संहिता मागते ती प्रसंगाला साजेशी निष्पक्षता. निवडणुकीच्या काळात पक्षाला पूर्वी मिळालेला आणि आज दिसणारा पाठिंबा, दोन्ही पाहिले जातात. इथेच ब्रेक्झिटनंतरच्या राजकारणाने सगळा हिशेब बिघडवला आहे. 2019 मध्ये बोरिस जॉन्सनच्या हुजूर पक्षाला 43.6 टक्के मतांवर 365 जागा मिळाल्या. 2024 मध्ये मजूर पक्षाने 33.7 टक्क्यांवर चारशेचा आकडा ओलांडला. त्याच निवडणुकीत नायजेल फराज यांच्या रिफॉर्म यूके पक्षाला 14.3 टक्के मतं आणि अवघ्या 5 जागा, तर लिबरल डेमोक्रॅट्सना 12.2 टक्के मतं आणि 72 जागा! जागा धरल्या तर फराज यांना दिलेली वेळ उधळपट्टी वाटते, मतं धरली तर कंजुषी. त्यात मे 2025 च्या स्थानिक निवडणुकांत सर्वाधिक जागा रिफॉर्मनेच जिंकल्या. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर जागा, मतांची टक्केवारी आणि ताजा स्थानिक निकाल असे तिन्ही आकडे मांडा आणि सेकंदांची बेरीज तिन्हींशी ताडून पाहा. तिन्ही मापांनी एकच पक्ष उपाशी दिसला तरच पक्षपाताचं नाव काढावं.

वेळेइतकंच महत्त्वाचं म्हणजे माईक कोणासमोर धरला. त्यासाठी मासेमारीची बातमी घ्या, किनाऱ्यावरच्या माणसाला ती लगेच कळते. 19 मे 2025 रोजी लंडनमध्ये झालेल्या समझोत्यात युरोपीय बोटींना ब्रिटिश पाण्यात आणखी 12 वर्षं, म्हणजे 2038 पर्यंत मुभा मिळाली. स्कॉटलंडचे बोटमालक भडकले. तिथलेच सॅमन पाळणारे व्यावसायिक खूश झाले, कारण युरोपात माल पाठवताना होणारी कागदपत्रांची कटकट कमी होणार होती. एकट्या बोटमालकाला बोलवलं तर बातमी ‘शरणागती’ होते, एकट्या निर्यातदाराला बोलवलं तर ‘दिलासा’. मिरकरवाड्यात पर्ससीनवाल्यांशी बोलून रापणवाल्यांना न विचारता लिहिलेली बातमी जशी अर्धी, तसंच हे. वाक्य न् वाक्य खरं असूनही बातमी झुकते ती अशी.

व्हिसाच्या बातमीत पाहायची गोष्ट म्हणजे सुरुवात कुठल्या वर्षापासून केली. कुशल कामगाराच्या व्हिसाची पगाराची अट एप्रिल 2024 मध्ये हुजूर पक्षाच्या सरकारने 38,700 पौंडांवर नेली आणि जुलै 2025 मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने 41,700 वर. दोघांपैकी एकाच्याच नावावर हे खपवणारी बातमी लाल पेनने खूण करायच्या लायकीची.

भाषणाचा तुकडा ऐकवला असेल तर मूळ भाषण काढा. संसदेतल्या भाषणांचा शब्दशः वृत्तांत, हॅन्सार्ड, इंटरनेटवर फुकट वाचता येतो. पंतप्रधानांची प्रश्नोत्तरं बुधवारी आपल्या साडेचारला (हिवाळ्यात साडेपाचला) थेट पाहता येतात. ही खबरदारी फाजील नाही. बीबीसीच्याच ‘पॅनोरमा’ या कार्यक्रमाने ट्रम्प यांच्या 6 जानेवारी 2021 च्या भाषणातली दूरदूरची वाक्यं सलग असल्यासारखी जोडली होती, आणि त्या वादात नोव्हेंबर 2025 मध्ये महासंचालक टिम डेव्ही आणि वृत्तप्रमुख डेबोरा टर्नेस यांनी राजीनामे दिले.

नेहमी होणाऱ्या चुका दोन. मतदानाच्या दिवशी मतदान चालू असताना प्रचाराची चर्चा बंद असते, मतचाचण्या सांगायला मनाई असते. ती शांतता म्हणजे दडपादडपी नव्हे, तो नियम आहे, आणि वर्तमानपत्रांना तो लागू नाही. दुसरी चूक म्हणजे ‘दोन्हीकडचे चिडतात, म्हणजे बीबीसी मधोमध आहे’ हा लाडका युक्तिवाद. दोघं दोन वेगळ्या चुकांवर चिडलेले असू शकतात. बीबीसीवाले स्वतःच तो अधूनमधून पुढे करतात, म्हणून तर जास्त सावध राहा.

वहीत ठोस काही सापडलं तर तक्रार करा, पण प्रसारणापासून कामाच्या 30 दिवसांच्या आत. आधी बीबीसीकडेच जावं लागतं. उत्तर पटलं नाही तर पुन्हा लिहायचं, मग त्यांच्या वरिष्ठ तक्रार विभागाकडे, आणि त्यानंतरच ऑफकॉम. बीबीसीची परदेशी श्रोत्यांसाठीची वर्ल्ड सर्व्हिस मात्र ऑफकॉमच्या कक्षेत येत नाही, तिथला रस्ता बीबीसीच्या आतच संपतो. अर्जात कार्यक्रम, वाहिनी, तारीख आणि नेमके शब्द द्या, एका अर्जात एकच मुद्दा ठेवा. वेळ लंडनची लिहा. रात्री 10.40 असं आपल्या घड्याळाने लिहिलंत, तर तपासणारा भलताच कार्यक्रम उघडेल.