मराठवाड्याच्या उन्हात हलकी टूरिंग स्की घडवताना
टूरिंग स्की म्हणजे बर्फाचा डोंगर चढून मग घसरत उतरण्यासाठी बुटांना जोडायची लांब पट्टी; तिचे वजन घटवण्यास लाकडी गाभ्यात सर्वाधिक वाव असतो. म्हणून पॉलोनियासारखे हलके लाकूड घ्यावे, मात्र बाइंडिंगचे, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचे, स्क्रू बसतात तेथे मेपलसारखे कठीण लाकूड जोडावे. गाभा मध्यभागी सुमारे १० आणि टोकांकडे २ मिलिमीटर जाडीचा रंधावा. येथे घाई महागात पडते, कारण ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो आणि जाडी १० टक्क्यांनी घटली तरी तो सुमारे २७ टक्क्यांनी कमी होतो. पोलादी कडेवर रबराची पातळ पट्टी ठेवून मग कार्बन फायबर अंथरावे. वाळूजच्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यातील दुपारी मी एकदा इपॉक्सी, म्हणजे हे थर चिकटवणारे दोन घटकांचे रसायन, कालवले, तेव्हा उष्णतेने ते लगेच घट्ट होऊन ब्रश भांड्यातच थिजला. ते पहाटे, उथळ ट्रेमध्ये, थोडे थोडे कालवावे.