साइडबॉटम मूळचे कुठले? दुर्मीळ इंग्रजी आडनावाचा माग कसा काढावा

इंग्लंडचा माजी डावखुरा गोलंदाज रायन साइडबॉटम याचे आडनाव ऐकून ‘बॉटम’चा आजच्या इंग्रजीतला ‘बूड’ हा अर्थ मनात येतो आणि हसू फुटते. शोधातली पहिली चूक नेमकी तिथेच होते. जुन्या इंग्रजीत ‘बॉटम’चा पूर्वज दरीच्या तळासाठी वापरला जाई आणि आडनावातल्या ‘साइड’चे जुने रूप ‘सीड’ म्हणजे रुंद. इयन बोथमचे आडनावही याच मुळातले आहे. आपल्याकडच्या ‘कर’ लागणाऱ्या आडनावांप्रमाणे तेही जागेवरून पडलेले आहे. मात्र अर्थ आधी लावून मग पुरावे गोळा करू नयेत. अर्थ सर्वांत शेवटी लावावा.

सुरुवात अलीकडच्या नोंदींपासून करून मागे जावे. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह व मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. व्यक्तींची नावे असलेल्या दशवार्षिक जनगणना १८४१ ते १९२१ पर्यंतच्या पाहता येतात. १९३१ ची जनगणना १९४२ साली आगीत नष्ट झाली आणि १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. ही पोकळी १९३९ च्या युद्धकालीन नोंदवहीने काही अंशी भरून निघते. १८४१ च्या जनगणनेत मोठ्या माणसांचे वय बहुधा पाचाच्या पटीत उतरवून लिहिलेले असते आणि जन्मगावही दिलेले नसते, म्हणून तिच्यावर फार भार टाकू नये. १८५१ पासून जन्माचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला स्थानिक भाग, लिहिलेला सापडतो.

आडनाव कुठे एकवटले आहे हे पाहण्यासाठी १८८१ ची जनगणना सर्वांत सोयीची, कारण तिची संपूर्ण नक्कल फुकट शोधता येते. येथे नुसती संख्या मोजू नये. लंडनची लोकसंख्या इतकी मोठी होती की कोणत्याही आडनावाची माणसे तिथे बऱ्यापैकी सापडतात. म्हणून प्रत्येक परगण्याच्या लोकसंख्येशी प्रमाण काढावे. साइडबॉटमच्या बाबतीत चेशर, लँकेशर आणि डर्बीशर जिथे एकमेकांना भिडतात तो स्टॉकपोर्ट, हाइड, ग्लॉसप हा डोंगराळ कापडगिरण्यांचा पट्टा पुढे येतो. शोधताना ‘बॉटम’बरोबर ‘बोथम’ने संपणारी रूपेही तपासावीत, कारण कारकून कानाने ऐकून लिहीत आणि एकाच घरातल्या भावंडांची नावे दोन तऱ्हांनी उतरत.

त्यापूर्वीच्या काळासाठी चर्चची नोंदपुस्तके आहेत. ती ठेवण्याचा हुकूम १५३८ साली निघाला, पण अनेक पॅरिशांची सुरुवातीची पाने आज उरलेली नाहीत. तेव्हा १५९८ पासून बिशपकडे पाठवल्या जाणाऱ्या प्रती पाहाव्यात. त्याही मागे जायचे तर १३७७ ते १३८१ मधील डोईपट्टीच्या याद्या आणि जमीनदारी न्यायालयांचे दप्तर उपयोगी पडते, मात्र ते लॅटिनमध्ये आहे आणि वाचायला चिकाटी लागते.

आता अर्थाकडे वळावे. जुने स्पेलिंग, दाट वस्तीचा पट्टा आणि त्या पट्ट्यातील एखाद्या जागेचे किंवा शेताचे नाव, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच मूळ सापडले असे मानावे. नकाशावर एकमेकांपासून दूर असे दोन दाट पुंजके दिसले, तर आडनाव दोन ठिकाणी स्वतंत्रपणे पडले असण्याची शक्यता गृहीत धरावी. वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी येथे मदत करते, परंतु दत्तक किंवा विवाहबाह्य जन्माने आडनाव आणि रक्त यांची वाट केव्हाच वेगळी झालेली असू शकते, हे निकाल वाचताना ध्यानात ठेवावे.